पाय कोणाचा घसरला?

दिवाळी अंक हाती पडला की आपण आधी मुखपृष्ठ न्याहाळतो, मग अनुक्रमणिका, आणि मग कोणाला न सांगता हळूच वार्षिक राशिभविष्य. तो अंक आपल्या दारापर्यंत आला कसा, हा विचार मनात येण्याचे कारणच नसते. पण कोणी तरी तो घेऊन आपला जिना चढून आलेले असते. पोस्टमन असेल, कुरियरवाला असेल, सकाळी पेपर टाकणारा पोरगा असेल. त्याच दिवशी त्याने आपल्या जिन्यासारखे आणखी कितीतरी जिने पालथे घातलेले असतात. कुठे दगडी, कुठे लाकडी, कुठे गुळगुळीत फरशीचे, कुठे दिवा गेलेले, आणि कुठे नुकतेच पुसलेले.

आजच्या सदरात या मंडळींच्या पडण्याविषयी लिहायचे आहे. सणासुदीला पडण्याबिडण्याच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. पण वर्षात ओझे सर्वांत जास्त आणि उसंत सर्वांत कमी असा काळ या लोकांना कोणता असेल तर तो दिवाळीचाच. भेटीची पार्सले, फराळाचे डबे, नव्या कपड्यांचे खोके, सारे याच पंधरवड्यात दारोदार जायचे असते. तेव्हा ही गोष्ट काढायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

आपल्याकडे यांना एक छान शब्द आहे, फिरतीची माणसे. पोस्टमन आणि पार्सलवाले त्यात आलेच. शिवाय विजेचा मीटर वाचणारा, औषध कंपनीचा प्रतिनिधी, विमा एजंट, घरी येऊन रक्ताचा नमुना नेणारी लॅबची मुलगी, पाड्यापाड्यावर जाणारी आशाताई, आणि खांद्यावर गॅसचे सिलिंडर घेऊन चढणारा बापडा. त्या सिलिंडरात गॅस १४.२ किलो असतो हे आपल्याला ठाऊक असते, कारण पैसे त्याचे पडतात. पण लोखंडी टाकीचेही वजन जवळजवळ तेवढेच असते, आणि खांद्याला दोन्ही उचलावी लागतात.

गिरणीतल्या किंवा कारखान्यातल्या माणसाला निदान चार भिंती असतात. १९४८ च्या कारखाने कायद्याने मालकावर स्पष्ट बंधन घातले की जमीन, जिने आणि येण्याजाण्याच्या वाटा मजबूत असाव्यात आणि निसरड्या असू नयेत. तपासायला निरीक्षक होता, दंड होता. फिरतीच्या माणसाचा कारखाना म्हणजे सगळे शहर. त्यातला एकही जिना त्याच्या मालकाच्या मालकीचा नाही. मग मालक काय करतो? एक सूचना काढतो, ‘कर्मचाऱ्यांनी चालताना योग्य ती काळजी घ्यावी.’ आणि कोणी पडलाच तर चौकशीच्या कागदावर एकच शब्द उमटतो, ‘निष्काळजीपणा’. फाईल बंद.

यात आपली भाषाही त्या साहेबाच्या बाजूने आहे, ही मौज पाहा. आपण म्हणतो, ‘त्याचा पाय घसरला.’ कर्ता पाय, आणि पाय त्याचा. ‘पायरीने त्याला पाडले’ असे कोणी म्हणत नाही. शिवाय पाय घसरण्याला आपण जो दुसरा अर्थ देऊन ठेवला आहे त्यामुळे पडणाऱ्यावर थोडा संशयही येतो तो वेगळाच!

पण पायरी खरोखरच माणसाला पाडते, याचा पुरावा हवा असेल तर न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत जाऊ. ब्रुकलिनमध्ये ३६ व्या रस्त्याच्या स्टेशनावर एक जिना होता. त्यावर लोक रोज अडखळत, शरमेने इकडे तिकडे बघत आणि पुढे जात. प्रत्येकाला वाटे, आपलेच लक्ष नव्हते. २०१२ साली एका चित्रपटवाल्याने खाली कॅमेरा लावून ठेवला. तरुण, म्हातारे, सामान घेतलेले, हात मोकळे असलेले, असे सारे एकामागून एक एकाच पायरीवर अडखळताना त्यात दिसले. मोजून पाहिले तर ती पायरी बाकीच्यांपेक्षा इंचाच्या काही अंशाने उंच निघाली. चित्रफीत लोकांपुढे येताच रेल्वेने तो जिना बंद करून दुरुस्तीला घेतला. वर्षानुवर्षे शेकडो माणसांनी आपापल्या मनात स्वतःला धांदरट ठरवून घेतले होते. अपराधी एकटी पायरी होती.

इंचाच्या अंशाने माणूस पडतो कसा? सपाट जमिनीवर चालताना आपल्या बुटाचे टोक जमिनीपासून किती उंचावरून पुढे जाते हे संशोधकांनी मोजले आहे. ते अंतर सरासरी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास भरते. निसर्ग पाऊल गरजेपुरतेच उचलतो, उधळपट्टी करत नाही. जिन्यावर तर पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत शरीर उंचीचा ताल धरते आणि पुढे न बघता त्या तालावर चालत राहते. मधेच एक पायरी बेताल निघाली की संपले. आता आपल्या जुन्या चाळी आणि वाडे आठवा. दर पिढीने एकदा फरशी बदललेली, खालची पायरी रस्ता उंच झाल्याने निम्मी बुडालेली, वरची कोणी तरी सिमेंट थापून वाढवलेली. घरच्या माणसाच्या पायाला हे पाठ असते. फिरतीच्या माणसाला दर दहा मिनिटांनी नवा ताल शिकावा लागतो, तोही पाठीवर ओझे घेऊन.

तर मग उपाय काय? उपाय एका अगदी वेगळ्या ठिकाणी, टेलिफोनच्या कारखान्यात, सापडला होता. १९२४ साली अमेरिकेत वॉल्टर श्युहार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने आपल्या साहेबाला एक पानभर टिपण दिले आणि त्यात एक आलेख काढून दाखवला. त्याचे म्हणणे साध्या शब्दांत असे. कोणत्याही कामात थोडा चढउतार रोजचाच असतो. तो त्या कामाच्या घडणीतूनच येतो. एखादेच वेळी मात्र काही तरी खास कारण घडते. या दोहोंतला फरक ओळखा. रोजच्या चढउताराबद्दल माणसाला रागावू नका, कामाची घडण बदला. हे श्युहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानात येऊन गेले होते, म्हणजे हा विचार आपल्या दारी फार लवकर आला होता. त्यांच्याच वाटेने जाणारे एडवर्ड्स डेमिंग १९५० साली जपानात व्याख्याने द्यायला गेले, आणि पुढे जपानने काय केले ते सर्वश्रुत आहे.

आपल्या विषयाला हे कसे लागू पडते ते पाहा. समजा, एका वाटप कचेरीत गेल्या महिन्यात तीन माणसे पडली आणि या महिन्यात पाच. साहेब खवळतात, सगळ्यांना उभे करून खडसावतात. पुढल्या महिन्यात चारच पडतात. साहेब म्हणतात, पाहा, बोलल्याशिवाय सुधारत नाहीत! पण तीन, पाच, चार हा त्या कामाचा नेहमीचाच चढउतार आहे. ते बोलले नसते तरी कदाचित चारच पडले असते. डेमिंग यांचा अंदाज असा होता की कामातल्या अडचणींपैकी ९४ टक्के कामाच्या घडणीतून येतात, आणि ती घडण बदलणे वरिष्ठांच्या हाती असते. हा आकडा त्यांनी अनुभवावरून सांगितला होता, तो तराजूत तोललेला नाही. तरी निम्मा जरी खरा धरला तरी साहेबांच्या खडसावण्याने किती पायऱ्या सरळ होतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

याउलट विचाराचाही एक मोठा पुरस्कर्ता होऊन गेला. त्याचे नाव हेन्रिक, आणि तो नोकरीला होता ‘ट्रॅव्हलर्स’ नावाच्या विमा कंपनीत. १९३१ साली त्याने अपघात टाळण्यावर ग्रंथ लिहिला आणि शंभरातले अठ्ठ्याऐंशी अपघात माणसाच्या चुकीच्या वागण्याने होतात असे सांगितले. मालकलोकांना हे फारच पटले, यात नवल नाही. पुढच्या अभ्यासकांना त्या आकड्याला आधार सापडेना. पण त्याच ग्रंथात हेन्रिकने दुसरी एक गोष्ट सांगितली आहे ती अधिक मोलाची. एका मोठ्या इजेमागे तशाच जातीच्या एकोणतीस लहान इजा आणि तीनशे बिनइजेचे प्रसंग असतात, असा त्याचा हिशेब. हे प्रमाण सगळीकडे तंतोतंत असेच असते असे आज कोणी मानत नाही. तरी हाड मोडण्याआधी त्या जिन्यावर पुष्कळ पाय नुसतेच घसरून सावरलेले असतात, ही गोष्ट कोणाही पोस्टमनला विचारा, तो मान हलवील.

आणि सगळे रहस्य इथे आहे. आपल्या कचेऱ्यांतून नोंद कशाची होते? हाड मोडले, रजा घ्यावी लागली, इस्पितळाचे बिल आले, त्याची. सावरलेल्या पायाची नोंद कोणी करत नाही. वर्षात हाडे दोन मोडतात. दोन आकड्यांवरून शिकणार काय? पण सावरलेले पाय लिहून ठेवले तर वर्षात शेकड्यांनी भरतील, आणि शेकड्यांतून चित्र दिसू लागते.

हे पुस्तकी नाही. इंग्लंडमध्ये मालकांकडून सरकारला कळवल्या जाणाऱ्या इजांपैकी सुमारे तीन-दशांश इजा नुसत्या घसरण्या-अडखळण्याच्या असतात. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या सुमारे साडेचार हजार माणसांवर काही वर्षांपूर्वी एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना न घसरणारे खास बूट दिले, निम्म्यांना त्यांचे नेहमीचे बूट वापरू दिले. मग दर आठवड्याला प्रत्येकाला मोबाईलवर निरोप जाई, या आठवड्यात किती वेळा पाय घसरला? पडला का, असे नव्हे, घसरला का. चौदा आठवड्यांत उत्तर हाती आले. खास बूटवाल्यांचे घसरणे ३७ टक्क्यांनी कमी झाले होते. मोडलेली हाडे मोजत बसले असते तर एवढे कळायला किती वर्षे गेली असती कोण जाणे. बुटाचा तळ बदलला, माणूस तोच राहिला.

आता आपल्याकडे या. एखाद्या वाटप कचेरीने, गॅसच्या एजन्सीने किंवा लॅबने हे करायचे ठरवले तर खर्च किती? एक वही. तिच्यात तारीख आणि वेळ लिहायची. कुठे घसरला, कोणती इमारत, कितवा मजला. चढताना की उतरताना. हातात काय होते, पायात काय होते. जमीन ओली की कोरडी, उजेड होता की नाही. आणि एक प्रश्न मी आग्रहाने घालीन, दिवसातले ते कितवे घर होते? पाऊल सकाळी उचलले जाते तितके दुपारी तीनला उचलले जात नाही. माणसाचे नाव लिहू नये. लिहिलेच तर साहेबाने ते कोणाला सुनावण्यासाठी वापरायचे नाही अशी भर सभेत हमी द्यावी. कारण वही रिकामी राहण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे तिच्यात नाव लिहिणाऱ्याला जाब विचारणे. काही ठिकाणी ‘इतके दिवस अपघात नाही’ असा फळा लावून बक्षिसे वाटतात. हेतू चांगला असतो. पण त्या फळ्यावरचा आकडा आपल्यामुळे शून्यावर येऊ नये म्हणून माणसे सुजलेला घोटा बुटात दडवून काम करतात, हे फळा लावणाऱ्यांना कोणी सांगत नाही.

आमच्या इमारतीत पार्सले आणणारा एक तरुण आहे. मध्यंतरी तो लंगडताना दिसला. विचारले तर म्हणाला, “काही नाही काका, पाय घसरला.” मला हा विषय डोक्यात होताच. टोयोटा कंपनीतले ताईची ओनो यांची एक युक्ती होती, यंत्र बंद पडले की पाच वेळा ‘का’ विचारायचे. फ्यूज गेला एवढ्यावर थांबायचे नाही. फ्यूज का गेला, भार का वाढला, वंगण का पोचले नाही, असे मागे मागे जात तेलाच्या पंपाला गाळणी नव्हती इथपर्यंत पोचायचे. मी त्या मुलाला पाणी देऊन बसवले आणि तेच सुरू केले.

“कुठं पडलास?”

“पलीकडच्या सोसायटीत. चौथ्या मजल्यावरनं उतरताना, वळणावर.”

“का पडलास?”

“पायरी दिसली नाही ना. खोका होता छातीशी.”

“उतरताना खोका कसा? द्यायलाच गेला होतास ना?”

“घर बंद होतं. परत आणत होतो.”

“आधी फोन नाही केलास?”

“केला की. उचलला नाही. आणि वर जाऊन बंद दाराचा फोटो काढल्याशिवाय आमची खेप धरत नाहीत.”

“मग खोका पाठीवरच्या पिशवीत का नाही टाकलास?”

“पिशवी भरलेली होती. खाली गाडीवर ठेवली तर कोणी तरी उचलून नेतं, भरपाई आमच्याकडनं. म्हणून सगळंच घेऊन चढतो.”

“आणि लिफ्ट?”

तो हसला. “काका, लिफ्टवर पाटी आहे ना आमच्यासाठी.”

आता सांगा, निष्काळजीपणा यात कुठे बसवायचा? पाच ‘का’ विचारले तर एक नव्हे, तीन मुळे हाती लागली. गाडीला कुलपाची पेटी नाही. बंद दाराच्या फोटोचा नियम, जो चौथ्या मजल्याऐवजी खालच्या फाटकावर काढलेल्या फोटोनेही भागला असता. आणि लिफ्टवरची पाटी. यांतले एकही त्या मुलाच्या हातचे नाही. दोन त्याला काम देणाऱ्यांच्या हातची आहेत, एक त्या सोसायटीच्या कमिटीच्या. जाताना तो आणखी एक गोष्ट बोलला, “हे पडल्याचं कुठं सांगू नका हं, नाहीतर उद्यापासून काम कमी देतील.” म्हणजे वही अजून विकतही आणलेली नव्हती आणि रिकामी राहण्याची तयारी झाली होती.

लिफ्टवरच्या त्या पाटीबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ‘पार्सलवाले, गॅसवाले व घरकाम करणारे यांनी लिफ्ट वापरू नये’ अशा अर्थाच्या पाट्या आपल्या शहरांतल्या भल्याभल्या इमारतींत लागल्या, त्यांवर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहूनही आले. गृहस्थ स्वतः हातात फक्त किल्ली घेऊन लिफ्टने जाणार, आणि पस्तीस किलोंचे ओझे घेतलेल्याने जिन्याने यावे! कमिट्या म्हणतात, लिफ्ट खराब होते. लिफ्टची दुरुस्ती वर्गणीतून होते, गुडघ्याची होत नाही.

ओझे कुठे धरावे हेही पाहण्यासारखे आहे. मुंबईचे डबेवाले लांबोडी पाटी डोक्यावर घेतात, हमालही तेच करतो. बघणाऱ्याला ते कष्टाचे वाटते, आणि आहेही. पण डोक्यावरच्या ओझ्यामुळे पुढची जमीन डोळ्यांना मोकळी राहते. छातीशी धरलेला खोका नेमक्या पुढल्या दोन पायऱ्या झाकतो, आणि कठडा धरायला हात उरत नाही. अमेरिकेतल्या यूपीएस या पार्सल कंपनीत गाडीतून उतरतानाही दोन पाय आणि दोन हात यांपैकी तीन गोष्टी कायम टेकलेल्या हव्यात असे शिकवतात. त्यांनी २००७ साली मेरिलँड राज्यात लँडोव्हर येथे एक प्रशिक्षण केंद्र काढले. तिथे नव्या चालकाला अंगाला पट्टा बांधून मुद्दाम निसरड्या केलेल्या जमिनीवर चालवतात, म्हणजे घसरण्याची चव सुरक्षितपणे कळावी. कल्पना मला आवडली. मात्र शिकवणीने सगळे भागते असे मानणारा मी नाही. उत्तम शिकवलेल्या माणसाचेही दोन्ही हात खोक्याने अडकवले तर तो कठडा दाताने धरणार काय?

म्हणून उपायांचीही एक प्रतवारी असते. सर्वांत चांगला उपाय म्हणजे चढणेच नको असे करणे. तळमजल्यावर टपालपेट्यांची ओळ लावली की पोस्टमनचे निम्मे जिने वाचतात. पार्सल पहारेकऱ्याकडे घेतले की तेही वाचतात. हे जमत नसेल तर लिफ्ट, तीही नसेल तर पाठीवरची चांगली पिशवी, तळाला खाचा असलेले बूट, कपाळावरचा छोटा दिवा. आणि अगदी शेवटी, बाकी काहीच जमले नाही तर, ‘सांभाळून जा’ हा उपदेश. आपल्याकडे ही यादी नेमकी उलट्या टोकाने सुरू होते, कारण उपदेशाला पैसे पडत नाहीत.

घाईचेही असेच. अमेरिकेत डॉमिनोज कंपनी ‘तीस मिनिटांत पिझ्झा, नाही तर फुकट’ अशी हमी देत असे. गाड्यांचे अपघात झाले, खटले झाले, एका खटल्यात ज्यूरीने भला मोठा दंड ठोठावला आणि १९९३ साली कंपनीने ती हमी मागे घेतली. चालक तेच, रस्ते तेच. घड्याळ काढून टाकणे हा सुरक्षिततेचाच उपाय होता. आपल्याकडे तीसची दहा मिनिटे होऊन जाहिराती झळकल्या तेव्हा ही जुनी गोष्ट कोणाला आठवली नाही.

पण प्रत्येक घड्याळ असे काढून टाकता येत नाही. आशाताईचे उदाहरण घ्या. दवाखान्यात जन्मलेले मूल घरी आले की तिने त्याला ठरावीक दिवशी भेटायचे असते, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. मूल आषाढात जन्मले तर सातवा दिवसही आषाढातच येणार. शेणकाल्याची पायवाट, ओहोळावरचा ओंडका आणि वरून धार. इथे भेट टाळा असे कोणीही म्हणणार नाही, बाळाचा जीव त्या भेटीवर असू शकतो. मग बदलायचे ते बाकीचे. पायात चपलेऐवजी पावसाळी बूट, हात मोकळे राहतील अशी पाठीवरची पिशवी, आणि कोणत्या वाटेवर कुठे घसरते हे त्याच वहीत, म्हणजे शेजारच्या पाड्याच्या ताईला ते पडल्याशिवाय कळेल. बुटांची मागणी करायला कागदावर काही तरी लागते. ‘आमच्याकडे फार निसरडे आहे’ यापेक्षा ‘जून ते सप्टेंबर इतक्या वेळा, बहुतेक या दोन वाटांवर’ असे लिहिलेला अर्ज वरच्या कचेरीत लवकर हलतो.

आणि एवढे करूनही कोणी पडला तर? पैसे कोणी द्यायचे? याचा एक मोठा निवाडा मुंबईतच घडलेला आहे. १९५७ च्या जुलैत बेस्टचा एक ड्रायव्हर जोगेश्वरीच्या आगारात आपली गाडी लावून, काम संपवून, बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी निघाला. वाटेत ती बस उभ्या लॉरीवर आदळली, तो रस्त्यावर फेकला गेला आणि काही दिवसांनी वारला. त्याच्या विधवेने १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याखाली दावा लावला. प्रश्न असा की ड्यूटी तर संपली होती, मग हा अपघात कामावरचा कसा? खालच्या पायरीवर बाईंचा दावा फेटाळला गेला, हायकोर्टात मान्य झाला, आणि १९६३ साली सुप्रीम कोर्टाने बहुमताने तिच्या बाजूने निकाल दिला. अवाढव्य शहरात विखुरलेल्या ड्रायव्हरांना बसने फुकट प्रवास करू देणे ही कामाच्या सोयीचीच व्यवस्था होती, तेव्हा तो प्रवासही कामाचाच भाग, असा त्याचा आशय. कामाची जागा दाराशी संपत नाही, परिस्थितीप्रमाणे ती लांबते, हे तत्त्व त्यातून ठसले.

फिरतीच्या माणसासाठी हे केवढे मोठे आहे! पण त्या ड्रायव्हरला निदान मालक होता. माझ्या त्या पार्सलवाल्या मुलाला कागदोपत्री मालकच नाही. तो आहे ‘भागीदार’. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा मोबाईलवरून काम घेणाऱ्यांना प्रथमच व्याख्येत आणले, हे पाऊल चांगले. पण व्याख्येत येणे आणि घोट्याला प्लास्टर असताना महिनाभर चूल पेटणे यांत बरेच जिने आहेत.

घरात बसलेल्या आपल्यासारख्यांकडेही थोडे येते. दिवाळीत उंबऱ्यासमोरच्या गुळगुळीत फरशीवर रांगोळी घालतो ती संध्याकाळपर्यंत विस्कटून भुकटी होते, आणि गुळगुळीत फरशीवरची कोरडी भुकटी पाण्यापेक्षा कमी निसरडी नसते. रांगोळी जरा बाजूला, भिंतीकडे सरकवून काढली तर लक्ष्मी रागावणार नाही. अभ्यंगस्नानाच्या पहाटे तेलकट पावले जिन्यावर उमटतात. आणि जिना पुसण्याची वेळ! आमच्याकडे जिना सकाळी अकराला पुसला जाई, आणि पोस्टमन यायचा सव्वा अकराला. दोघेही आपापल्या वेळेला चोख, त्यामुळे वर्षाचे तीनशे दिवस ओल्या फरशीवर तो चढत होता. जिना पुसणाऱ्या मावशींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “मला काय, मी आधी जिना करीन आन् मग अंगण. कुणी सांगितलंच नाही.” आता जिना दहाला पुसला जातो, आणि सव्वा अकरापर्यंत तो खडखडीत वाळतो.